जॅझ बॉक्स सेट: सुटे अल्बम आधीच असताना संपूर्ण संच घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जॅझचे बॉक्स सेट घेऊन ते शेवटच्या सीडीपर्यंत ऐकलेत, अशांचा सल्ला हवा आहे. माझ्याकडे सुटे अल्बम बऱ्यापैकी जमले आहेत. कपाटात जागा थोडी उरली आहे आणि मोह मोठा आहे, म्हणून संच घ्यायचा तर नीट विचार करून घ्यावा म्हणतो. तीन संच डोक्यात आहेत आणि प्रत्येकाबद्दलची शंका वेगळी आहे.

पहिला बिल एव्हान्सचा. 25 जून 1961, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. पियानोवर एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशी पाच सत्रं त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली, आणि पुढे अकराच दिवसांत लाफारो मोटार अपघातात गेला. त्यातून निघालेले 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे दोन्ही अल्बम मला जवळजवळ पाठ आहेत. 2005 साली तो अख्खा दिवस, वाजवला त्याच क्रमाने, तीन सीडींवर आला. माझी अडचण अशी की 'संडे' हा अल्बम लाफारो गेल्यानंतर त्यालाच पुढे ठेवून रचला होता. सुरुवात 'ग्लोरियाज स्टेप'ने, शेवट 'जेड व्हिजन्स'ने, आणि दोन्ही रचना लाफारोच्याच. संचात ही मांडणी मोडते. तिच्या बदल्यात जे मिळतं ते तितक्या तोलाचं आहे का? एकच धून दोनदा-तीनदा आली की तुमचं मन लागतं, की हात आपोआप रिमोटकडे जातो?

दुसरा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'द कम्प्लीट बिचेस ब्रू सेशन्स', 1998 चा चार सीडींचा. याविषयी इतकी टोकाची मतं वाचली आहेत की गोंधळून गेलो आहे. मूळ मिश्रण सोडून मल्टिट्रॅकवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी राखलेल्या टेपवरून, नव्याने मिक्स केलं आहे एवढं कळलं. कानाला तो फरक किती जाणवतो?

तिसरा लुई आर्मस्ट्राँगच्या 1925 ते 1928 च्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडच्या मुद्रणांचा. इथे शंका फक्त आवाजाची आहे. कोलंबिया कंपनीचा 2000 सालचा चार सीडींचा संच आहे आणि जेएसपी कंपनीचाही चार सीडींचा आहे, ज्याचं आवाज साफ करण्याचं काम जॉन आर. टी. डेव्हिस यांनी केलं. दोन्ही ऐकलेलं कुणी आहे का?

जाता जाता एक व्यावहारिक प्रश्न. एक जुना, वापरलेला संच नुकताच हाती आला. आत प्रत्येक सीडीवर स्पंजचा पातळ तुकडा ठेवलेला होता. तो इतका विरघळला आहे की बोट लावलं तर चिकट पिवळा चुरा निघतो, आणि दोन सीडींच्या छापील बाजूवर त्याचा डाग उतरला आहे. काय करावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी स्पंजचं, कारण ते काम आजच करायला हवं. सगळे तुकडे काढून फेकून द्या, एकही ठेवू नका. सीडीची खरी नाजूक बाजू छापील बाजू असते. चकाकणाऱ्या बाजूला प्लास्टिकचा जाड थर असतो, पण छापील बाजूला ॲल्युमिनियमच्या थरावर लाखेचा अगदी पातळ लेप असतो आणि स्पंजमधली रसायनं नेमकी तिथून आत शिरतात. प्रत्येक सीडी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीने टोचल्यासारखी उजेडाची भोकं दिसली तर धातू खाल्ला गेला आहे, त्याला उपाय नाही. नुसता धुरकट थर असेल तर मऊ कापड शुद्ध पाण्यात भिजवून मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. छापील बाजू खरवडायच्या फंदात मुळीच पडू नका. मग लगेच सगळ्या सीडी चुका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लॉसलेसमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता, संगणकावर उतरवून ठेवा. आज वाचता येते ती सीडी पुढच्या वर्षी वाचता येईलच असं नाही.

वेष्टनाच्या हौसेपायी काय काय होतं पाहा. व्हर्व्ह कंपनीने 1997 साली बिल एव्हान्सचा 18 सीडींचा संच काढला, तो लोखंडी पेटीत आणि पेटी मुद्दाम गंजू दिलेली. दिसायला देखणी आहे हे मान्य. पण गंजाची पूड शेजारच्या अल्बमांवर उतरते, म्हणून ती वेगळी ठेवावी लागते. संगीत मात्र अव्वल.

प्रतिसाद

एव्हान्सचा संच डोळे झाकून घ्या. सुटे अल्बमही ठेवा. दोन्हींचं काम वेगळं आहे.

प्रतिसाद

वरच्या मताला +१, पण कारण सांगतो.

संचाची सुरुवातच 'ग्लोरियाज स्टेप'च्या अशा टेकने (एका वेळच्या वादनाच्या मुद्रणाने) होते ज्यात मध्येच वीज गेली आणि मुद्रण खंडित झालं. अल्बममध्ये हे यायचं काही कारणच नव्हतं. पण तिथून पुढे तुम्ही त्या तळघरात बसलेले असता. पेल्यांची किणकिण, मागच्या टेबलावरची कुजबुज, कुणाचं तरी हसू, आणि या सगळ्याकडे जराही लक्ष न देता तिघं एकमेकांचं ऐकत वाजवताहेत. पाच सत्रं क्रमाने ऐकली की दुपारचा सुटसुटीतपणा रात्रीपर्यंत कसा दाट होत जातो ते कळतं. कापून जोडलेल्या अल्बममध्ये हा चढ ऐकू येत नाही.

पुनरावृत्तीबद्दल म्हणाल तर 'ऑल ऑफ यू' तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा लाफारो बेस तालासाठी धरून ठेवत नाही, पियानोशी बोलतो. फक्त बोलणं दर वेळी वेगळं. माझी एक सवय सांगतो: पहिल्यांदा पियानो सोडून द्यायचा आणि फक्त बेसच्या मागे जायचं, पुढच्या टेकला मोशनच्या ब्रशच्या मागे. 'जेड व्हिजन्स'चे दोन टेक शेवटच्या सत्रात पाठोपाठ वाजवलेत. ते लागोपाठ ऐका. रचना इतकी संथ आणि उघडी आहे की दुसऱ्यांदा वाजवताना त्यांनी कुठे श्वास लांबवला तेसुद्धा जाणवतं.

सगळ्या 'संपूर्ण' संचांना हे लागू नाही, हेही सांगायला हवं. स्टुडिओतल्या सेशनचे संच वेगळे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठीच्या संपूर्ण मुद्रणांत एकाच धुनेचे टेक ओळीने येतात, काही तर सुरू होऊन लगेच थांबलेले. अभ्यासाला सोनं आहे, पण संध्याकाळी निवांत ऐकायला बसाल तर दमाल. तिथे मी मूळ टेकची वेगळी प्लेलिस्ट केली आहे आणि बाकीचे स्वतंत्र ऐकतो. या बाबतीत सगळ्यात टोकाचा संच म्हणजे मोझेक कंपनीने 1990 साली काढलेला डीन बेनेडेट्टीच्या मुद्रणांचा, सात सीडींचा. हा माणूस 1947-48 मध्ये क्लबांत यंत्र घेऊन जायचा आणि पार्करचा सोलो संपला की बहुतेक वेळा यंत्र बंद करायचा. त्यामुळे सोलोमागून सोलो, मध्ये धुनेचा पत्ता नाही. आवाज खराब आहे. तरी पार्करवर जीव असेल तर तो संच सोडवत नाही. माझ्यासाठी कुठल्याही संचाची पहिली कसोटी हीच, की क्रमाने ऐकल्यावर काही नवं कळतं की नुसती भर पडते. प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या संचांत बहुतेक वेळा कळतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा नोव्हेंबर 1961 चा व्हॅनगार्ड संचही असाच आहे, चार सीडी. त्यात 'इंडिया' चार वेळा आहे आणि मी त्यातला एकही गाळत नाही.

प्रतिसाद

माइल्सबद्दल लिहितो, कारण तिथे नाव फसवं आहे.

'बिचेस ब्रू' ऑगस्ट 1969 मध्ये तीन दिवसांत मुद्रित झाला. जे तुम्ही ऐकता ते मात्र नंतर टेबलावर घडलं. निर्माता टिओ मासेरोने टेप कापून, तुकडे जोडून, काही तुकडे पुन्हा पुन्हा वापरून 'फॅरोज डान्स'सारखी रचना उभी केली. ती कापाकापी हाच त्या संगीताचा अर्धा भाग आहे. 1998 च्या संचात मल्टिट्रॅकवरून मिश्रण नव्याने केलं आणि मासेरोचे जोड नव्या मिश्रणात परत घालावे लागले. मासेरोला ते आवडलं नव्हतं आणि तसं तो उघड बोललाही. आवाज स्वच्छ झाला, दोन-तीन कीबोर्ड वेगवेगळे ऐकू येतात, बेस क्लॅरिनेट नीट सुटते. पण मूळ एलपीतला दाट, जरासा घुसमटलेला अंधार कमी झाला. मला तो अंधार हवा असतो.

शिवाय 'सेशन्स' म्हणावं तर ऑगस्टनंतरची, फेब्रुवारी 1970 पर्यंतची मुद्रणं त्यात भरली आहेत. त्यातलं काही सुंदर आहे, तबला आणि सतारही आहे. तुम्हाला त्यांच्यासाठी संच हवा असेल तर जरूर घ्या. मूळ अल्बम ऐकायला मात्र मूळ मिश्रणाचीच प्रत ठेवा.

याच्या उलट उदाहरण माइल्सच्याच 'काइंड ऑफ ब्लू'चं. 2 मार्च 1959 च्या सेशनला मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या गतीने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी वर्षानुवर्षं थोडी चढ्या स्वरात वाजत राहिली. 1992 साली सुरक्षेसाठी चालवलेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते सुधारलं. सोबत वाजवायला बसलेल्या कित्येकांना आपलंच वाद्य बेसूर वाटत आलं असेल. अशा ठिकाणी नवी आवृत्ती घ्यायलाच हवी. म्हणून 'रीमास्टर' या शब्दावर न जाता नेमकं काय केलं ते शोधा: टेप कोणती, मिश्रण तेच का, गती दुरुस्त केली का, आवाजाची पातळी किती वर नेली.

प्रतिसाद

आर्मस्ट्राँगसाठी जेएसपी. माझ्याकडे दोन्ही आहेत. ही मुद्रणं टेपच्या जमान्याच्या आधीची, म्हणजे सगळं काम मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून. तिथे प्रश्न खरखर किती काढली हा नसतो, खरखरीबरोबर कॉर्नेटची धार गेली का हा असतो. डेव्हिस यांनी थोडी खरखर राहू दिली आणि धार राखली. 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवातीची एकट्या ट्रम्पेटची लकेर दोन्ही संचांतून ऐका, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही. कोलंबियाच्या संचाची पुस्तिका अधिक चांगली आहे, वाचायची हौस असेल तर ती एक बाजू.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

स्पंज काढून टाकले. दिव्यासमोर धरल्यावर एका सीडीच्या कडेला दोन बारीक भोकं दिसली, शेवटच्या गाण्याच्या जागी. तरी ती पूर्ण उतरली, सॉफ्टवेअरने चूक दाखवली नाही. दुसरीवरचा डाग पुसून बराच फिकट झाला.

एव्हान्सचा संच आणि जेएसपीचा आर्मस्ट्राँग घ्यायचं ठरवलं. 'वेस्ट एंड ब्लूज' दोन्हीकडून ऐकून पाहिलं. जेएसपीच्या प्रतीत लकेरीच्या वरच्या स्वरांना जी चमक आहे ती दुसरीत दबल्यासारखी वाटली. माइल्सचा संच सध्या मागे ठेवतो. माझी 'बिचेस ब्रू'ची एलपी मूळ मिश्रणाचीच आहे, आणि तो अंधार मलाही प्रिय आहे.

एक प्रश्न उरला. कोल्ट्रेनच्या व्हॅनगार्ड संचाचं नाव निघालंच आहे म्हणून विचारतो: माझ्याकडे 1962 चा तीन गाण्यांचा मूळ अल्बम आहे. त्याच्यासोबत वाजवणारा एरिक डॉल्फी त्यात फक्त 'स्पिरिच्युअल'मध्ये बेस क्लॅरिनेटवर ऐकू येतो. संचात त्याला जास्त वाव आहे का? ज्यांनी तो ऐकला आहे त्यांनी डॉल्फीसाठी कुठल्या रात्रीपासून सुरुवात करावी ते सांगावं.