आईच्या दंडावर बोटांचे वळ दिसले, बाईंवर संशय घ्यावा का? पुढे काय करू?

गोदाकाठ:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या. आई ७९ वर्षांची, नाशिकला आमच्या जुन्याच फ्लॅटमध्ये असते. बाबा २०२१ ला गेले, मी बंगळूरला, भाऊ पुण्यात. तिला अल्झायमर आहे, चालते फिरते पण नावं विसरते, संध्याकाळ झाली की "घरी चला" म्हणून दाराशी जाऊन बसते. दिवाळीपासून तिला सांभाळायला ब्युरोतून २४ तासांच्या बाई ठेवल्यात. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण आता मागे वळून बघते तर फोन कायम बाईंच्याच हातात आणि मी आईला काही विचारलं की उत्तर पण त्याच द्यायच्या.

परवा न कळवता आले. आंघोळ मीच घालते म्हटलं तर बाई म्हणाल्या ताई कशाला, दमून आलात. तरी घातली. तर उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग ओळीने, आणि बाहेरच्या बाजूला एक. मी माझी बोटं त्यावर ठेवून बघितली, बरोब्बर बसली. पाठीवर एक पिवळट पडलेला मोठा डाग. बाईंना विचारलं तर म्हणाल्या तोल जात होता म्हणून धरलं, आणि संध्याकाळी भावाने फोन केला तर त्याला सांगितलं बाथरूममध्ये पडल्या.

डागांचं एक वेळ जाऊ दे. आंघोळ झाल्यावर टिकली लावायला मी हात वर केला तर आईने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. माझ्यासमोर. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

भाऊ म्हणतो पुरावा काय, तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डाग पडणारच, आणि या बाई गेल्या तर दुसरं कोण मिळणार. मी रविवारपर्यंतच आहे. गुपचूप कॅमेरा लावू का? पोलिसात जाऊ का? की माझाच गैरसमज होतोय?

नाईटड्युटी:
ताई, मी सिस्टर आहे, १८ वर्षं मेडिसिन वॉर्डला. भावाचं अर्धं बरोबर आहे. या वयात कातडी कागदासारखी होते, त्यात गोळी चालू असली की नुसतं टेबलाला हात लागला तरी जांभळं होतं. पण असे डाग बहुतेक कोपराखाली, हाताच्या पाठीला, नडगीला येतात, म्हणजे जिथे आपण आपटतो तिथे. दंडाची आतली बाजू, कान, मान, पाठ, मांडीचा आतला भाग, तळपाय, इथे सहसा आपोआप काही लागत नाही. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक म्हणजे कोणीतरी घट्ट धरलंय. आता तोल जाताना धरलं तरी तसंच उमटतं, म्हणून एवढ्यावरून मी कोणाला दोषी म्हणणार नाही. पण पाठीवरचा डाग, दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगणं, आंघोळ घालू न देणं आणि ते डोकं झाकणं, हे सगळं एकत्र धरलं तर मी एक रात्रसुद्धा त्या बाईंसोबत आईला एकटं ठेवणार नाही.

रंगावरून डाग किती दिवसांचा ते ठरवत बसू नका, आम्हाला पण नक्की सांगता येत नाही. फोटो मात्र आजच काढा, उजेडात, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, एक जवळून आणि एक लांबून म्हणजे कुठला भाग आहे ते कळेल. दोन्ही मनगटं आणि घोटे गोल फिरवून बघा, बांधून ठेवलं असेल तर तिथे पट्टा उमटतो. कमरेखाली माकडहाडाजवळ लाल झालंय का, डोक्यात कुठे टेंगूळ आहे का तेही बघा. गोळ्यांची पाकिटं मोजा, झोपेची गोळी जास्त जात असेल तर तिथे कळेल. आणि उद्याच डॉक्टरकडे न्या, डोक्याला मार लागला असेल तर गोळी चालू असताना आत हळूहळू रक्त साठू शकतं. जास्त झोपाळू वाटली, उलटी झाली, एक बाजू ढिली पडली तर उद्याची पण वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी.

चिंचेचं_झाड:
तुमचं वाचलं आणि झोप उडाली. माझ्या वडिलांना पॅरालिसिस होता, त्यांना सांभाळायला पगारी मामा होते. स्वभावाने गोड, सोसायटीत सगळे नावाजायचे. वडील त्यांच्यासमोर एक शब्द बोलायचे नाहीत, मी म्हणायचो आजारामुळे बोलणं कमी झालंय. एकदा दुपारी लवकर घरी आलो तर डावा हात (चालणारा एकच हात होता तो) गमछाने पलंगाच्या दांडीला बांधलेला. मामा म्हणाले नळी ओढतात. ओढायचेही, खोटं नाही. पण वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं... सात महिने मी रोज त्याच खोलीत जाऊन "काय कसं काय" विचारायचो, मामा शेजारीच उभे असताना. एकदाही त्यांना बाहेर पाठवून विचारलं नाही. ते माझ्याच्याने अजून विसरवत नाही.

म्हणून सांगतो, आईला एकटीला घेऊन बसा. दार लावून, घाई न करता, हात हातात घेऊन. "बाई मारतात का" असं थेट विचारलं तर ती गोंधळेल, "इथे दुखतं का, कसं लागलं गं" एवढंच विचारा आणि गप्प बसा. शब्द सापडले नाहीत तरी काहीतरी कळतंच.

ड्युटीवाली:
मी स्वतः पेशंट सांभाळते, १२ वर्ष झाली. राग नका मानू, पण २४ तासांची बाई म्हणजे काय ते पण बघा. अल्झायमरचं पेशंट रात्री चारदा उठतं, दिवसा मागे मागे फिरतं, कपडे घालताना चावतं, तोंडावर थुंकतं. झोप नाही, सुट्टी नाही, ब्युरो पगारातून कापून घेतं. मी पण एका आजींवर एकदा जोरात ओरडले होते, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी ब्युरोला सांगून ते काम सोडलं. हात उचलायची वेळ यायच्या आधी सोडायचं असतं. उचलला तर माफी नाही, मी बाईची बाजू घेत नाहीये.

पण नवीन बाई ठेवाल तेव्हा १२-१२ तासांच्या दोन ठेवा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, पैसे जास्त जातील. नाहीतर चांगली बाई पण तीन महिन्यात तशीच होईल. आणि अधूनमधून कोणीतरी न सांगता घरी आलं पाहिजे, शेजारीण असली तरी चालते. घरात कोण येतं जातं हे माहीत असलं की फरक पडतो.

निवृत्त_वकील:
सगळे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगतील. चांगला कायदा आहे, पण तो मुख्यतः पोटगीचा, प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. त्यातलं कलम २४ ज्येष्ठांना कायमचं टाकून देण्याबद्दल आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पगारी माणसाने मारलं तर तुम्हाला भारतीय न्याय संहिता लागेल. साधी दुखापत कलम ११५, एक वर्षापर्यंत शिक्षा, पण तो अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेतील आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. तिथे लोक चिडतात की पोलीस काही करत नाहीत. हाड किंवा दात मोडला असेल तर ती गंभीर दुखापत, कलम ११७, दखलपात्र, सात वर्षांपर्यंत. म्हणून एक्स-रे सांगितला तर टाळू नका. बांधून किंवा कोंडून ठेवलं असेल तर तेही तक्रारीत लिहा, ते वेगळे गुन्हे आहेत. शिवाय कलम ३५७ फारसं कोणाला माहीत नसतं. असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून मुद्दाम ती न करणं हाच गुन्हा आहे. ब्युरोचा करारनामा, पावत्या, मेसेज जपून ठेवा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना सांगा की मारहाणीचा संशय आहे, एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करा. केसपेपरवर डागांची जागा आणि माप लिहून घ्या. फोटोपेक्षा तो कागद जास्त टिकतो.

कॅमेरा तुमच्या घरात हॉलमध्ये, आईच्या खोलीत लावायला हरकत नाही, बाथरूम आणि बाई कपडे बदलतात ती जागा सोडून. पण संशय आल्यावर पुरावा मिळावा म्हणून आईला तिथेच ठेवून वाट बघायची, हे करू नका. अजून एक मार खाल्ल्याशिवाय तो पुरावा मिळत नाही. आधी बाईंना कामावरून थांबवा, भांडण न करता, हिशेब करून, शेजारी कोणाला समोर बसवून. कुलूप बदला. नंतर तक्रार. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मराठीत बोलतात, पुढे कुठे जायचं ते सांगतात. आत्ता जिवाला धोका वाटला तर ११२.

गोदाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवस लिहायला झालं नाही. आईला एकटीला घेऊन बसले होते. मी दंडावर हात ठेवून "इथे कसं लागलं" विचारलं तर बराच वेळ काही नाही, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हळू बोल, बाई रागावतील." पुढे मी काही विचारलंच नाही.

बाईंना त्याच दिवशी थांबवलं, समोरच्या काकू येऊन बसल्या होत्या. बाई रडल्या, म्हणाल्या रात्रभर झोपू देत नाहीत हो. मारलं असं नाही म्हणाल्या, नाही मारलं असंही नाही म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात एमएलसी झाली, डोक्याचा स्कॅन ठीक आहे, पण उजवीकडची एक बरगडी मोडलेली निघाली, जुनी, सांधत आलेली. आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. भाऊ रिपोर्ट वाचून फोनवर बराच वेळ गप्प होता, रात्रीच्या गाडीने निघून आला. वकील काका, बरगडी म्हणजे ११७ ना? आज दुपारी दोघं पोलीस ठाण्यात जातोय, केसपेपर आणि ब्युरोचे मेसेज प्रिंट करून घेतलेत. ब्युरोवाले म्हणतात दुसरी बाई पाठवतो, विषय वाढवू नका. वाढवणार आहोत, त्या बाई उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी आईकडे जातील.

मी रजा वाढवलीये महिनाभर. ड्युटीवाली ताई, दोन बाया ठेवायच्या तर बदली सकाळी ८ ला ठेवू की ७ ला? आई सहाला उठते आणि नवीन माणूस दिसलं की बावरते. अजून मी केस विंचरायला गेले की मान खाली घालते, म्हणून आता आधी कंगवा तिच्या हातात देते.