मुलीचा दुसरा एमआरआय आहे: एडीईएम, एमएस की मॉग? काय काय बघायला सांगावं?

नमस्कार. मुलगी सात वर्षांची. सव्वादोन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला आणि आठवड्याभरात ती असंबद्ध बडबडायला लागली, दिवसभर ग्लानी, चालताना तोल जायचा. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एडीईएम (बहुतेकदा संसर्गानंतर मेंदूला अचानक येणारी सूज) लिहिलं होतं, पण शेवटची ओळ 'एमएसची शक्यता नाकारता येत नाही' अशी. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार. त्या एका ओळीने झोप उडवली आहे.

पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड, नंतर गोळ्या कमी करत आणल्या. आता ती चालते, पळते. परवा फिल्म खिडकीशी धरून विचारते, "माझ्या डोक्यात ढग आलेत का?" खरंच ढगच वाटतात: मोठे, विरलेल्या कडांचे, दोन्ही बाजूंना, एक थॅलॅमसमध्येही (मेंदूच्या खोल मधल्या भागात). डॉक्टरांच्या मते एमएसचे डाग बहुतेक वेळा लहान, लंबगोल, रेखीव असतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना काटकोनात टेकलेले, आणि टी-१ नावाच्या प्रकारच्या फिल्मवर काही काळे खड्डे दिसतात. हिच्यात तसं काही नाही.

मग रक्तात मॉग अँटिबॉडी (नसांच्या आवरणावरच उलटणारं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आली, अ‍ॅक्वापोरिन-४ (एनएमओ या मिळत्याजुळत्या आजारातली अँटिबॉडी) निगेटिव्ह. म्हणजे एडीईएमसारखं दिसलेलं मॉगमुळेच झालं असणार, असं डॉक्टर म्हणतात. मॉगचे डाग पुष्कळदा पूर्ण विरून जातात, एमएसचे सहसा मागे खूण ठेवतात. म्हणून तीन महिने झाल्यावरचा हा स्कॅन मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जुने विरले आणि नवीन नाहीत, एवढंच ऐकायचं आहे.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांना विचारते. पहिल्यांदा फक्त मेंदूचा स्कॅन झाला. मॉगमध्ये डोळ्याच्या नसेला लांबवर सूज येते, मज्जारज्जूच्या आडव्या छेदात मधला भाग एच अक्षरासारखा उजळतो, असं वाचलं. मग तक्रार नसतानाही मणका आणि डोळ्यांच्या नसांचा स्कॅनही याच वेळी करून घ्यावा का? कॉन्ट्रास्ट (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) पुन्हा लागतं का? तुलना नीट व्हावी म्हणून त्याच मशीनवर करण्याचा आग्रह धरावा का? आणि अँटिबॉडी पुन्हा तपासायची तर साधारण कधी?

मागच्या वेळी गुंगीचं औषध द्यावं लागलं होतं. या वेळी नको म्हणते; रोज रात्री उशीवर डोकं ठेवून, घड्याळ लावून न हलण्याचा सराव करते. काल बारा मिनिटं झाली. स्कॅन चाळीस मिनिटांच्या वर चालतो. सात वर्षांच्या कुणाला जागेपणी जमलंय का?