ग्लोबल स्टडीज, आणि तेही कम्युनिटी कॉलेजातून: का नाही?

मृण्मयी_सनीवेल

आमची लेक यंदा बारावी संपवतेय आणि तिला ग्लोबल स्टडीज शिकायचंय. स्थलांतर, नद्यांच्या पाण्यावरून देशादेशांतले तंटे, व्यापार करार, यांवर ती दोन वर्षं मन लावून वाचतेय. विषय तिने विचारपूर्वक निवडलाय. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, आणि मग युनिव्हर्सिटी, असं आमचं ठरत आलंय.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आपल्या मंडळींत हे सांगितलं की दोन प्रश्न येतात. एक, नोकरी कुठली मिळणार? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "मार्क कमी पडले का?" पहिल्यावर जरूर बोलू या, त्यासाठीच हा धागा. दुसऱ्याचा मला मनापासून राग येतो. कम्युनिटी कॉलेज ही नापासांची जागा नव्हे.

माझी बाजू अशी. कॅलिफोर्नियात रहिवाशांना युनिटमागे, म्हणजे एका श्रेयांकामागे, ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून बदललेला नाही. वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर. पहिल्यांदाच शिकायला येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं तेही माफ होतात. उलट यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) नुसती फी वर्षाला १४ हजारांच्या पुढे, राहणंजेवण वेगळं. शिवाय २०१० च्या कायद्यामुळे ६० युनिटांची ट्रान्सफर पदवी, म्हणजे युनिव्हर्सिटीत पुढे शिकायला नेणारी दोन वर्षांची पदवी, निघाली आहे. ग्लोबल स्टडीजची ओळख आणि जागतिक प्रश्न हे दोन मुख्य पेपर, बाकी अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषा यांतून निवडायचं. ती पदवी हातात असली की कॅल स्टेटमध्ये, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ समूहात, प्रवेशाची हमी.

पण मला पैशापेक्षा मोठी वाटते ती सवड. १८ व्या वर्षी "जग शिकायचंय" एवढंच कळतं. त्यातलं अर्थशास्त्र आपलं की मानववंशशास्त्र, हे चार पेपर करून पाहिल्याशिवाय कसं कळणार? लहान वर्गात, शिकवणं हेच मुख्य काम असलेल्या प्राध्यापकांकडे ते कळावं, असं मला वाटतं.

तुमची मतं सांगा. विरोधी असली तरी चालतील.

सह्याद्री_७४

मृण्मयीताई, मत विरोधीच आहे, आणि ते मुलीच्या काळजीपोटी आहे असं समजा.

आधी सवडीबद्दल. दोन वर्षं विचार करायला मिळतात हे कागदावरचं. यूसीच्या हमी प्रवेशाचा, म्हणजे टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा असतो, कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडत असतानाच. कुठला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ते त्यातच लिहायचं. म्हणजे प्रत्यक्षात सवड एका वर्षाची, आणि त्याच वर्षाच्या गुणांवर सगळं अवलंबून. युनिव्हर्सिटीत थेट गेलेली मुलं मेजर जाहीर करायला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत थांबू शकतात. मग खरी सवड कुणाला?

आणि "हमी" हा शब्द जपून वापरा. कॅल स्टेटची हमी साऱ्या संस्थेत कुठेतरी जागा देण्याची आहे, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची नाही. टॅग यूसीच्या सहाच कॅम्पसांवर चालतो: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सान्ता बार्बरा, सान्ता क्रूझ. त्यांतलंही एकच निवडायचं. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत.

आता नोकरी. १९६१ पासून चालत आलेली यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था, १ जुलै २०२५ ला बंद झाली, उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. तिच्या पैशावर चालणाऱ्या कितीतरी संस्थांनी माणसं कमी केली. ग्लोबल स्टडीजची मुलं ज्या दारांत उभी राहायची त्यांतलं सगळ्यांत मोठं दार बंद झालंय. परराष्ट्र सेवा आणि पीस कोअर (परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था) यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. युनिव्हर्सिट्याही हात आखडता घेताहेत. जानेवारी २०२५ मध्ये सोनोमा स्टेटने अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, भूगर्भशास्त्र असे अख्खे विभाग बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी मुलीला इतक्या पसरट विषयात घालणं मला धोक्याचं वाटतं.

एक विचारतो, राग मानू नका. मुलगी नागरिक आहे की एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर? एच-४ असेल तर २१ व्या वर्षी ते स्टेटस संपेल, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. पदवीनंतर एफ-१ वर कामाची मुभा १२ महिन्यांची. त्यापुढे आणखी २४ महिने मिळतात ते फक्त सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना. ग्लोबल स्टडीज त्या यादीत नाही.

मृण्मयी_सनीवेल

राग नाही. एच-४ वरच आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही इतकी वर्षं आहोत की ती २१ ची होण्याआधी नंबर लागेल ही आशा सोडलीय. म्हणूनच हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चिला गेलाय.

पण काका, २१ वं वर्ष तिसऱ्या वर्षातच येणार, ती कुठल्याही वाटेने गेली तरी. थेट यूसीत घातलं तरी तिथेही तेच होणार. तुमचा मुद्दा विषयाला लागू आहे, कम्युनिटी कॉलेजला नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका. उलट पुढे फीचा बोजा वाढायचाच असेल तर आधीची दोन वर्षं स्वस्तात झालेली बरी, नाही का?

सह्याद्री_७४

तिसऱ्या वर्षाचं बरोबर. पण तुमच्या वाटेत कॉलेज बदलणं आणि स्टेटस बदलणं एकाच सुमाराला येईल. नवं आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं ते पत्र), स्टेटस बदलायचा अर्ज किंवा मुंबईला जाऊन व्हिसाचं स्टँपिंग, त्यात रहिवासी फी टिकते का ही टांगती तलवार. परप्रांतीयांचा यूसीतला जादा भार वर्षाला ३४ हजार डॉलरच्या वर आहे. थेट गेलेल्या मुलीचं निदान आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय ओळखीचं झालेलं असतं.

नर्मदा_कोथरूड

इथून, पुण्यातून लिहितेय. माझा भाचा तिकडे असाच दोन वर्षं करून परत आला. अर्ध्यावर इकडे यायची वेळ आली तर त्या दोन वर्षांच्या पदवीवर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, हे आधी माहीत असू द्या. चार वर्षं पूर्ण करायचीच, असं ठरवूनच निघा. बाकी मुलीला विषयाची आवड आहे, तर तिला अडवू नये असं माझं मत.

अपर्णा_यूसीएसबी

उशिरा आले, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना. मी याच वाटेने गेले आहे: बे एरियातलं कम्युनिटी कॉलेज, मग सान्ता बार्बरा, ग्लोबल स्टडीज. मृण्मयीताईंच्या बाजूने आहे, पण त्यांच्या आराखड्यात एक गोष्ट उलटी लागलीय. तुम्ही कॉलेजच्या पदवीपासून सुरुवात करताय. सुरुवात जिथे पोचायचंय त्या मेजरपासून करा आणि तिथून मागे या.

असिस्ट नावाचं राज्याचं संकेतस्थळ आहे. त्यात कॉलेज आणि युनिव्हर्सिटी निवडली, मेजर निवडलं, की दोन रकाने उघडतात. डावीकडे युनिव्हर्सिटी मागते तो पेपर, उजवीकडे तुमच्या कॉलेजात त्याच्या जागी चालणारा पेपर. काही ओळींत उजवीकडे काहीच नसतं, समतुल्य पेपर नाही एवढंच लिहिलेलं असतं. त्या ओळी आधी बघा. कॉलेजची ट्रान्सफर पदवी पूर्ण झाली म्हणजे त्या ओळी भरल्या असं नाही. ती पदवी कॅल स्टेटसाठी बेतलेली आहे, यूसीचे विभाग आपापली यादी लावतात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण पदवी घेऊन आली आणि इथे आल्यावर पहिलं वर्षभर पायाभूत पेपर करत बसली, कारण कॉलेजात ऐच्छिक पेपर निवडताना तिने हे रकाने कधी उघडलेच नव्हते.

दुसरी गोष्ट भाषा, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ग्लोबल स्टडीजचे बरेच विभाग परकी भाषा दुसऱ्या वर्षाच्या पातळीपर्यंत मागतात. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या सत्राचे वर्ग भरतात, पुढच्या सत्रांना मुलं गळतात आणि पुरेशी नोंदणी नाही म्हणून वर्ग रद्द होतो. माझा मँडरिनचा वर्ग सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात रद्द झाला. शेजारच्या कॉलेजात जागा मिळाली म्हणून निभावलं. म्हणून भाषा पहिल्याच सत्रात धरा, आणि जी निवडाल तिचे चारही टप्पे गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भरले होते का, ते जुन्या वेळापत्रकात तपासा. माहितीपुस्तकात पेपर छापलेला असतो, म्हणून तो दर वर्षी भरतोच असं नाही.

तिसरी, क्वार्टर आणि सेमिस्टर. बे एरियातली डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (वर्षाची तीन छोटी सत्रं) चालतात, फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर (दोन मोठी सत्रं). तीन क्वार्टरची मालिका दोन झाल्यावर सोडून दुसरीकडे पुढे चालवायला गेलं तर मध्ये भगदाड पडतं. मालिका जिथे सुरू करायची तिथेच संपवायची.

आता सह्याद्रीकाकांचा स्टेमचा मुद्दा. तो खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण त्यावर उपाय विषय सोडणं हा नाही. स्टेम यादीत इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र आहे, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी आपलं अर्थशास्त्राचं मेजर त्या कोडखाली नेलंय. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र हे दोन पेपर ग्लोबल स्टडीजमध्येही चालतात आणि अर्थशास्त्राच्या मेजरलाही लागतात. त्यांच्या जोडीला कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षात घेतलं तर सप्टेंबरमध्ये टॅग भरताना तिच्यापुढे दोन पर्याय असतील. २०२५ च्या शरद सत्रापासून सर्वसाधारण शिक्षणाचा साचा कॅल स्टेट आणि यूसी दोन्हींना एकच झाल्यामुळे पूर्वीपेक्षा थोडी जागाही सुटते.

आणि काका, "पसरट" हा शब्द मला पटला नाही. पाणीवाटपाचा करार वाचायला कायदा, भूगोल आणि दोन देशांचा इतिहास, तिन्ही लागतं. ते एका माणसाने वाचायला शिकणं हीच या विषयाची शिस्त आहे. मी आज मालवाहतुकीच्या कंपनीत निर्यात नियमांचं काम करते. सरकारी दार बंद झालं तरी जगाशी व्यवहार थांबलेला नाही.

सह्याद्री_७४

अपर्णा, तुझ्या प्रतिसादातून मला बरंच नवं कळलं. कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षात होणार असेल तर माझा विषयाला असलेला विरोध बराच मावळतो.

कॉलेजबद्दलचा राहतो. तू हे सगळं निभावलंस कारण तुला रकाने उघडायची, जुनी वेळापत्रकं तपासायची चिकाटी होती. सगळ्या मुलांत ती नसते. समुपदेशकाची भेट सत्रातून एखाददुसऱ्या वेळी, अर्ध्या तासाची. जी व्यवस्था १८ वर्षांच्या मुलीकडून इतकी अपेक्षा करते ती स्वस्त आहे म्हणून चांगली, असं मी म्हणणार नाही. आणि मैत्रीण वर्षभर मागे राहिली म्हणतेस, त्या एका वर्षाची यूसीची फी धरली की मृण्मयीताईंची बचत बरीचशी गेली.

मृण्मयी_सनीवेल

अपर्णा, मनापासून आभार. लेकीला तुझा प्रतिसाद वाचायला दिला. दुपारभर असिस्ट उघडून बसली होती. सान्ता बार्बरा आणि रिव्हरसाइड, दोन्हीकडची यादी तिने शेजारीशेजारी लिहून काढलीय. एका ओळीसमोर दोन्हीकडे काहीच नाही, ती घेऊन समुपदेशकांकडे जाणार आहे.

काका, चिकाटीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण म्हणूनच मी ही वाट सोडणार नाही. दोन वर्षं घरून जाणार, तर आम्ही सोबत बसून हे तपासू शकतो.

भाषेचं एक विचारायचंय. तिला अरबी शिकायचीय, पण आमच्या जवळच्या कॉलेजात ती पहिल्या वर्षापुढे दिसत नाही. स्पॅनिश चारही टप्पे दर वर्षी भरतात. आवडीची भाषा धरून पुढचं उन्हाळ्यात दुसरीकडे करावं, की स्पॅनिश घेऊन मोकळं व्हावं?

अपर्णा_यूसीएसबी

टॅग भरायचा असेल तर स्पॅनिश. अरबी युनिव्हर्सिटीत पहिल्या सत्रापासून घेता येईल, तिथे वर्ग रद्द व्हायची भीती कमी. पण तिने अरबीचाच हट्ट धरला तर उन्हाळ्याच्या वर्गाचं आत्ताच लिहून विचारा, आणि तो पेपर असिस्टवर कुणासमोर चालतो ते नोंदणीच्या आधी बघा.

सह्याद्री_७४

इथे मात्र मी लेकीच्या बाजूने. चार वर्षांनी मुलाखतीत स्पॅनिश येणारे शेकडो असतील. अरबी घेऊ द्या.