ट्रॅव्हल ट्रेलरवर प्रोपेन किती न्यावा? यलोस्टोनमधील सहा रात्रींसाठी सल्ला हवा आहे

डेन्व्हरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही यंदा २२ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे घर) घेतला असून सप्टेंबरच्या अखेरीस यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या मॅडिसन कॅम्पग्राउंडमध्ये सहा रात्री राहणार आहोत. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही, उंची ६,८०० फूट आहे आणि त्या दिवसांत पहाटे पारा शून्याच्या खाली जातो. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर प्रोपेन गॅसचे २० पाउंडांचे दोन सिलिंडर आहेत. त्यांच्या जागी ३० पाउंडांचे दोन बसवावेत, की २० पाउंडांचाच तिसरा सोबत ठेवावा, हे आम्हाला ठरवता येत नाही. फर्नेस (ट्रेलर तापवणारी गॅसची भट्टी) ताशी ३०,००० बीटीयूची आहे (बीटीयू हे उष्णतेचे एकक), फ्रिज, वॉटर हीटर आणि शेगडीही गॅसवरच चालतात, आणि १०० अँपियर-तासांची एक साधी लेड-ॲसिड बॅटरी आहे. नाशिकहून आलेली माझी आई सोबत असेल. ती ७१ वर्षांची आहे आणि तिला थंडी सोसत नाही, त्यामुळे मध्यरात्री गॅस संपणे आम्हाला परवडणारे नाही.

स्पोकेनवासी

आधी एक तुलना सांगतो. ३० पाउंडांच्या सिलिंडरमध्ये १३.६ किलो गॅस मावतो, म्हणजे जवळपास आपल्याकडच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरएवढाच; २० पाउंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ९ किलो. भारतात एक सिलिंडर छोट्या कुटुंबाला महिनाभर पुरतो, म्हणून सहा रात्रींसाठी दोन सिलिंडर भरपूर वाटतात. पण तिथे त्या गॅसवर फक्त स्वयंपाक होतो, इथे त्याच गॅसवर पत्र्याच्या पातळ भिंतींचे अख्खे घर तापवायचे असते. म्हणून हिशेब फर्नेसपासूनच सुरू करावा.

एक पाउंड प्रोपेनमधून साधारण २१,५०० बीटीयू उष्णता मिळते, म्हणजे आपली फर्नेस सलग पेटती राहिली तर ताशी १.४ पाउंड गॅस जाळेल. ती सलग पेटत नाही. उणे चार-पाच अंशांच्या रात्री, आत १८-१९ अंश राखायचे ठरवले, तर बारा तासांत मिळून चार तास पेटते असे धरा; म्हणजे रात्रीला साडेपाच ते सहा पाउंड. फ्रिजला दिवसाला पाउंड-सव्वा पाउंड लागतो, पाणी तापवायला अर्धा, आणि दोन वेळचा स्वयंपाक व चहा धरून शेगडीला पाऊण पाउंड. बेरीज दिवसाला आठ पाउंडांच्या घरात जाते आणि सहा दिवसांची ५० पाउंडांच्या आसपास. आपल्या दोन सिलिंडरांत ४० पाउंडच आहेत, तेही दोन्ही काठोकाठ भरलेले असतील तर. माझ्या मते ३० पाउंडांचे दोन घ्यावेत.

तिसरा सिलिंडर मात्र नेऊ नका. त्याला दांडीवर पक्की जागा नसते, आणि मग तो ट्रेलरच्या आत किंवा गाडीच्या डिकीत जातो. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचून राहतो. बंद जागेत हे जिवावर बेतू शकते.

बॉइझीची भटकी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण आपल्या ट्रेलरवर गॅसच्या आधी बॅटरी संपणार आहे. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो आणि साधारण सात अँपियर घेतो. रात्री चार तास म्हणजे २८ अँपियर-तास. दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसवरच्या फ्रिजचे विजेवर चालणारे नियंत्रण सर्किट धरले तर आकडा चाळिशीच्या पुढे जातो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, त्यामुळे आपल्याकडे खरे तर ५० अँपियर-तासच आहेत. म्हणजे एका रात्रीची बेगमी आहे, दुसऱ्या रात्री पहाटे पंखा मंदावेल आणि सिलिंडर भरलेला असूनही फर्नेस बंद पडेल. मॅडिसनला जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच चालवता येतो, रात्री काहीच करता येत नाही. जो पैसा ३० पाउंडांच्या सिलिंडरांवर घालायचा आहे, तो दुसऱ्या बॅटरीवर घाला.

वजनाचाही विचार करावा. भरलेला ३० पाउंडांचा सिलिंडर सुमारे ५५ पाउंड भरतो, २० पाउंडांचा ३७. दोन बदलले की ३६ पाउंड जास्तीचे थेट हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर) येतात, आणि जुन्या ट्रेलरवर बॅटरीही तिथेच असते. आधी हिचवरचा भार मोजून घ्या, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत बसला पाहिजे.

शिवाय वेस्ट यलोस्टोन हे गाव मॅडिसनपासून १४ मैलांवर आहे. चौथ्या दिवशी रिकामा सिलिंडर घेऊन तिथे जाता येते; गॅस भरणाऱ्याची वेळ आणि हंगाम तेवढा फोनवर विचारून ठेवा. जिथे सिलिंडर भरून मिळण्याचे ठिकाण शंभर मैल दूर असेल, तिथे मीही ३० पाउंडांचेच नेले असते.

आईंसाठी दोन गोष्टी सांगते. दोन सिलिंडरांमधला आपोआप बदलणारा रेग्युलेटर असेल, तर पुष्कळ जण दुसऱ्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद ठेवायला सांगतात, म्हणजे पहिला संपल्याचे कळते. आपण तसे करू नका. दोन्ही उघडे ठेवा आणि रेग्युलेटरची खूण हिरवीची लाल झाली आहे का, हे रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. दुसरे, ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किती जुना आहे, ते निघण्यापूर्वी पाहावे. जुना असेल तर नवा लावावा.

ऑरोरातील काका

एक महत्त्वाचे राहिले. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून मिळणाऱ्या २० पाउंडांच्या सिलिंडरांत बहुधा १५ पाउंडच गॅस भरलेला असतो. असे दोन घेऊन निघालात, तर आपल्याकडे ४० नव्हे, ३० पाउंड असतील. त्यामुळे सिलिंडर भरून देणाऱ्याकडूनच भरून घ्या. त्याने ४.७ गॅलनांवर थांबवले तर कमी भरला असे समजू नका. गॅस प्रसरण पावतो म्हणून सिलिंडर ८० टक्केच भरतात. ३० पाउंडांचा सिलिंडर त्या पिंजऱ्यांत मिळतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

किती उरला हे पाहायला आपण घरी ओले फडके गुंडाळत असू, पण तोलणे अधिक खात्रीचे. भारतात जाताना बॅगा तोलायचा जो हातकाटा असतो, त्याला सिलिंडर लटकवा आणि मानेवर टीडब्ल्यू या अक्षरांपुढे कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यातून वजा करा.

डेन्व्हरकर

सर्वांचे मनापासून आभार. बॅटरीचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. एक शंका आहे: रात्री थर्मोस्टॅट १४ अंशांवर ठेवला तर आईला चालेल का? तिच्याकडे नाशिकची जाड गोधडी आहे.

बॉइझीची भटकी

झोपेत चालते, मात्र त्यांना खिडकीच्या काचेलगत झोपवू नका. त्या उठायच्या अर्धा तास आधी १९ अंशांवर करा. गॅसच्या खर्चात मोठा फरक पडतो.

डेन्व्हरकर

काल परतलो, म्हणून कळवतो. २० पाउंडांचे दोनच सिलिंडर पूर्ण भरून नेले, दुसरी बॅटरी बसवली आणि जनरेटर रोज सकाळी दोन तास चालवला. रात्री १४ अंश आणि पहाटे साडेपाचला १९, असे ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी खूण लाल झाली होती. रात्रीत पहिला सिलिंडर संपून दुसरा सुरू झाल्याचे कोणालाच कळले नाही. गावात जाऊन लगेच भरून आणला, पण तो लागला नाही. घरी आल्यावर दुसरा सिलिंडर काट्यावर लावला: वजन २५ पाउंड, टीडब्ल्यू १७.६, म्हणजे ७.४ पाउंड शिल्लक. सहा रात्रींत एकूण ३२.६ पाउंड लागले, स्पोकेनवासींच्या अंदाजाच्या दोन तृतीयांश, आणि ही बचत प्रामुख्याने रात्रीच्या त्या पाच अंशांमुळे झाली असे मला वाटते. एका रात्री उणे सहापर्यंत पारा गेला होता. आईने त्या रात्री गोधडीवर माझे जाकीटही घेतले, पण फर्नेस वाढवायला सांगितले नाही.