डेबियन १३: तात्पुरत्या फायली रॅममध्ये ठेवू की डिस्कवर?

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉप जुना आहे: ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ वर (ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५) आलो, बाकी सगळं सुरळीत आहे. मी जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून) पीडीएफ बनवतो. अपग्रेडनंतर जाडजूड अंक घेतला की काम मध्येच बंद पडतं आणि 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' (जागा उरली नाही) असा एरर येतो. डिस्क तर निम्म्याहून जास्त रिकामी आहे!

मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवली, तर तात्पुरत्या फायलींच्या टीएमपी फोल्डरसमोर 'टीएमपीएफएस' आणि आकार ३.९ जीबी दिसला. म्हणजे हे फोल्डर आता रॅममध्ये आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल, रंगीत असेल तर दर पिक्सेलला ३ बाइट. एका पानाचे झाले साधारण २६ एमबी. २०० पानांचा अंक ५ जीबीच्या वर जातो, मग मावणार कसा?

आता मर्यादा वाढवू, की सगळं पूर्वीसारखं डिस्कवर नेऊ? रॅमचा वेग आणि एसएसडीची लिहिण्याने होणारी झीज वाचणं, दोन्ही हवंसं वाटतं. पण आमच्याकडे वीज फार जाते, आणि रॅममधलं सगळं तिच्याबरोबरच जातं. हे अंक दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, त्यामुळे काम थांबवायचं नाहीये. कृपया सांगा.

प्रतिसाद:

मर्यादा वाढवू नका. टीएमपीएफएस रॅम अडवून ठेवत नाही, फायली येतील तेवढीच वापरतं. निम्मी रॅम ही फक्त कमाल मर्यादा. पण ती ६ जीबी केलीत आणि भरली, तर ओसीआर आणि ब्राउझरला उरेल जेमतेम २ जीबी. मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यावरची डिस्कवरची राखीव जागा, वापरणार, आणि स्वॅप त्याच एसएसडीवर. वेगही गेला, झीजही वाचली नाही.

सगळं डिस्कवर न्यायचंच असेल तर 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' चालवून रीबूट करा. मी मात्र तसं करणार नाही. लहानसहान फायलींना रॅमच बरी. फक्त ओसीआर सुरू करताना टीएमपीडीआयआर हे (तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या ते सांगणारं) व्हेरिएबल व्हार फोल्डरातल्या, डिस्कवरच्या टीएमपीकडे वळवा. बहुतेक प्रोग्रॅम ते पाळतात.

विजेबद्दल: डेबियन १२ मध्ये टीएमपी डिस्कवर होतं, तरी बूट होताना रिकामं केलं जायचंच. व्हारमधलं टिकतं, पण अर्धवट ओसीआर त्यातून पुढे चालू होईलच असं नाही. म्हणून ५०-५० पानांचे भाग करा आणि शेवटी पीडीएफ जोडा.

आणखी एक. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये टीएमपीतल्या १० दिवसांहून आणि व्हारमधल्या टीएमपीतल्या ३० दिवसांहून जुन्या फायली आपोआप उडतात. तुम्ही अपग्रेड करून आलात, तुमच्याकडे हे होत नाही; म्हणून वीज गेल्यावर व्हारमध्ये मागे राहिलेल्या फायली तुम्हालाच काढाव्या लागतील.