मदत हवी आहे: वर्गात कांजण्या, मुलीला लस नाही, घरात गरोदर जाऊ

आम्ही लालबागला राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. काल संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला की दोन मुलांना कांजण्या आल्या आहेत. त्यातला एक हिच्याच बाकावर बसतो. सोमवारी दोघांनी डबा एकत्र खाल्ला, मंगळवारी त्याच्या अंगावर फोड दिसले.

दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. धाकट्या जाऊला सातवा महिना चालू आहे. तिला लहानपणी कांजण्या येऊन गेल्या का, हे तिच्या आईलाही आठवत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लेकीची एकही लस मी चुकवलेली नाही. पालिकेच्या दवाखान्यात गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, पाच वर्षांचा बूस्टर, सगळं कार्डावर आहे. २०२२ मध्ये गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा ते कार्ड काढून पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. पण कांजण्यांची लस सरकारी यादीतच नाही, खासगीत घ्यावी लागते, हे मला काल कळलं. गालगुंडाचंही तसंच. कार्ड भरलं म्हणजे झालं, असंच धरून चालले होते. कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं.

आज बुधवार. आता लस देऊन उपयोग आहे का? की मुलीला आत्याकडे ठाण्याला पाठवू? सासूबाई म्हणतात कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा. ठेवलाय, पण तेवढ्यावर कसं थांबणार?

आणखी एक. ग्रुपवर "कोण ती मुलं, नावं सांगा" सुरू झालंय, ते मला अजिबात पटत नाही. त्या आईने लगेच कळवलं म्हणून तर आपल्याला कळलं. घटक चाचणीसाठी तापातली पोरं शाळेत धाडणारेही आहेत. शाळेशी कसं बोलू?

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ): ताई, आजच लस द्या. संपर्कानंतर ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य येतो. दुसरा डोस तीन महिन्यांनी. घरात गरोदर बाई आहे म्हणून मुलीची लस अडत नाही. जाऊबाईंना मात्र गरोदरपणात ही लस चालत नाही. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती आहे का ते कळतं. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते, म्हणून सोमवार धरायचा. आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत दोघींना वेगळं ठेवा. आत्याकडे पाठवायचं तर तिथे तान्हं बाळ किंवा गरोदर कुणी नाही ना, ते आधी विचारा. ताप आला तर पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

प्रतिसाद (शिक्षिका, परळ): नावं न घेता मुख्याध्यापकांना पत्र द्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी, आणि बुडालेली चाचणी नंतर घेतली जाईल. हे दुसरं वाक्य लेखी मिळालं की पालक मुलांना घरी ठेवतात.

धागाकर्ती: दुपारी लस दिली. जाऊचं रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या. आत्याकडे कुणी लहान नाही, रविवारी मुलीला सोडून येते. पत्रावर माझ्यासकट नऊ सह्या झाल्या, त्यात बाकावरच्या मुलाच्या आईचीही आहे.