एक्सएसएलटी: टेक्स्ट आउटपुटमध्ये नको तिथे रिकाम्या ओळी

पाटीपेन्सिल:
पतसंस्थेच्या सभासदांची एक्सएमएल फाइल आहे. तिच्यातून एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेने) दर सभासदाला एक ओळ, मध्ये स्वल्पविराम, अशी टेक्स्ट फाइल काढायची आहे. आउटपुट मेथड टेक्स्टच आहे. तरी दोन सभासदांमध्ये रिकामी ओळ येते, आणि नाव-स्वल्पविराम झाल्यावर खाते क्रमांक खालच्या ओळीवर, आठ-दहा स्पेस सोडून पडतो. सगळं टेम्प्लेट (सभासदाची ओळ घडवणारा नियम) एका ओळीत कोंबलं तर क्रमांक जागेवर येतो, पण मग कोड वाचवत नाही. रिकाम्या ओळी आहेतच. प्रोसेसर एक्सएसएलटी 1.0 चा आहे, बदलता येणार नाही.

उंबरा:
इंडेंटेशन परत आण, बिनधास्त. दोन ठिकाणचा कचरा एकत्र येतोय.

रिकाम्या ओळी डेटातल्या. टॅगांमधले एंटर हेही टेक्स्ट-नोडच (मजकुराचे तुकडे), आणि प्रोसेसरचं बिल्ट-इन टेम्प्लेट ते इमानदारीत पुढे सरकवतं. स्टाइलशीटच्या (तुझ्या एक्सएसएलटी कोडच्या) वर स्ट्रिप-स्पेस लाव, एलिमेंट्समध्ये * (म्हणजे सगळे) दे; हे रिकामे नोड गळतात.

क्रमांकाचं दुखणं स्टाइलशीटमधलं. नुसत्या स्पेस-एंटरचा नोड प्रोसेसर टाकून देतो. पण त्यात एक जरी अक्षर असलं, म्हणजे तुझा स्वल्पविराम, की मागचंपुढचं सगळं जसंच्या तसं छापतो. स्वल्पविराम एक्सएसएल-टेक्स्ट टॅगमध्ये बंद कर. ओळ संपवायलाही तेच, आत &#10; (नव्या ओळीचा कोड) लिही. खरा एंटर चालतो, पण एडिटरने कोड 'सुंदर' केला की मागे स्पेस चिकटतात.

कॉनकॅट (तुकडे जोडणारं फंक्शन) वापरलास तरी &#10; च. सिलेक्ट हे अ‍ॅट्रिब्यूट. तिथल्या खऱ्या एंटरचा पार्सर स्पेस करतो.

टिंबटिंब:
शेवटच्या ओळीनंतर एंटर नको म्हणून पोझिशन (कितवा नोड) आणि लास्ट (शेवटच्याचा नंबर) यांची तुलना करणार असाल तर स्ट्रिप-स्पेस आधी लावाच. नाहीतर सिलेक्ट न देता अप्लाय-टेम्प्लेट्स केलं की सभासदांचे नंबर 2, 4, 6 असे येतात आणि 'शेवटचा' निघतो एक रिकामा नोड. फाइल विंडोजवर जाणार असेल तर ओळीच्या शेवटी &#13;&#10;.

पाटीपेन्सिल:
जमलं! फक्त काही नावांमागे एक स्पेस उरते. नॉर्मलाइझ-स्पेसलाही (जादा स्पेस काढणाऱ्या फंक्शनलाही) दाद देत नाही.

उंबरा:
ती &#160; (न तुटणारी स्पेस) असणार, वर्डमधून चिकटवलेली. एक्सएमएलच्या हिशेबी व्हाइटस्पेस चारच: स्पेस, टॅब, &#10;, &#13;. आधी ट्रान्सलेट फंक्शनने &#160; ची साधी स्पेस कर, मग नॉर्मलाइझ.

पण त्या भरात सगळीच अदृश्य अक्षरं उडवू नकोस. जुन्या टायपिंगमध्ये 'कऱ्हाडे'तला ऱ्ह बऱ्याचदा &#8205; (अदृश्य जोडअक्षर) च्या आधारावर असतो. ते गेलं की रफार चढतो आणि सभासदाचं आडनाव 'कर्हाडे' होतं.